बळवंतरावांची तक्रार

आर. के. पुरम, नवी दिल्ली
मंगळवार, २० जानेवारी २०२६

चिरंजीव हेरंबास,

आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, थंडी सोडून. तिकडे पानिपतात तू स्वेटर घालतोस ना, का अजून एका शर्टावर हिंडतोस? शेजारची अक्षता परवा गुरुवारी तुमच्या पानिपतला चादरी घ्यायला येते आहे. तिच्याबरोबर तिळाच्या वड्या आणि हे पत्र देते. वड्या जरा कडक झाल्यात. पाक उतरवायच्या वेळेलाच दारावर गॅसवाला आला, मी काय करू?

माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यात हात थरथरतो, तेव्हा अक्षर लावून घे. फोन केला असता, पण मला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवावा लागतो. मग तुझं माझं बोलणं स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत सगळ्यांना. काही गोष्टी बाल्कनीपर्यंत जायच्या नसतात.

तुझी आई बरी आहे. तिच्या ऑफिसात नवीन साहेब आलाय, तो म्हणे खिडक्या उघड्या ठेवायला लावतो, सगळ्या बायका शाली घेऊन बसतात. काल माकड मटारची अख्खी पिशवी घेऊन गेलं. समोरच्या भिंतीवर बसून एकेक शेंग सोलून खात होतं, माझ्यापेक्षा नीट.

बरं, तुझा तो ‘गोळा’ नावाचा प्रोग्रॅम कसा चाललाय? तू इथं असताना मला दाखवला होतास बघ. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की दहा ठिकाणी पसरलेल्या फायलींच्या नकला एका जागी येऊन बसतात. मी म्हटलं होतं, हे म्हणजे लग्नघरातले पाहुणे पंगतीला बसवण्यासारखं झालं. तू किती हसला होतास. लोक तो फुकट वापरतात, आणि काही बिघडलं की तुला तक्रार लिहितात, हेही तूच सांगितलं होतंस. क्षिप्रा म्हणते, “दादा घरच्यांच्या मेसेजला आठवडा लावतो, पण अनोळखी माणसाच्या तक्रारीला त्याच दिवशी उत्तर.”

त्या तक्रारी सगळ्या उघड्यावरच असतात ना, कुणीही वाचाव्यात अशा. क्षिप्रा मला वाचून दाखवते. इंग्रजीतल्या मराठीत करून सांगते. मला त्यातले ते बळवंतराव फार आवडतात.

किती व्यवस्थित माणूस! प्रत्येक परिच्छेदाला नंबर. ‘आपल्या दिनांक अमुकच्या उत्तराच्या संदर्भात सविनय कळवण्यात येते की, दोन फोनमधील फायली एकत्र केल्या असता एक फाईल कमी भरते.’ क्षिप्रा तर पलंगावर लोळून हसली. “आजी, यार, बगची तक्रार कुणी अशी लिहितं का? ही तर सरकारी फाईलवरची टिप्पणी आहे!” बग म्हणजे खोट, एवढं मला आता कळतं.

आणि तू काय गोड उत्तरं देतोस त्यांना! ‘बळवंतजी, तुम्ही इतक्या बारकाईनं पाहिलंत, आभारी आहे.’ असं तू घरात कधी बोलल्याचं मला आठवत नाही. बोलला असतास तरी कुणी ऐकून घेतलं नसतं, तेही खरंच.

त्यांच्याशी असाच वाग हं. बोलण्यात जरा ताठ वाटले तरी मनानं

बुधवार

काल वाक्य अर्धंच राहिलं. तुझा बाबा आत आला, आणि मी कागद डाळीच्या डब्याखाली घातला. आज सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा कुकर, एकदा बेल, एकदा काहीच नाही, नुसतीच उठले. पायाला स्वस्थता नाही. बाबाचंही तसंच चाललंय. धुतलेली स्कूटर पुन्हा धुतो. ऑफिसला निघायचं तर मोजे घालून खुर्चीत बसून राहतो आणि फोनकडे बघतो. तुझी आई म्हणाली, “काही अडलंय का हो?” तर म्हणे, “बिल्कुल नाही.” बिल्कुल म्हणाला की समजावं, अडलंय.

हेरंबा, मी कालपासून गोल गोल फिरते आहे. आता सांगते.

आपल्यात बारशाला पाळण्यातलं नाव वेगळं ठेवतात. कानात सांगायचं, एरवी कुणी त्या नावानं हाक मारत नाही. तुझं आहे तसं तुझ्या बाबाचंही आहे. सगळ्यांचा तो सुजय, पण त्याच्या आत्यानं कानात जे सांगितलं ते बळवंत. हे आता मला आणि त्याला सोडून कुणाला ठाऊक नाही.

झालं. लिहिलं. आता पाणी पिऊन येते.

दिवाळीत तू गेलास तेव्हा तुम्ही एकमेकांना काय बोललात ते मी मोठ्या आवाजाशिवायही ऐकलंय. तू म्हणालास सरकारी नोकरीची परीक्षा पुन्हा देणार नाही, गोळ्यात माझं मन रमतं. तो म्हणाला, “फुकटात जगाची धुणी धुतोस.” तू म्हणालास, “तुम्ही पगार घेऊन फायली इकडून तिकडे करता, मी पगाराशिवाय करतो, एवढाच फरक.” ते त्याला फार लागलं रे. पण खरं सांगू, मला मनातून हसूही आलं होतं. बोललास अगदी त्याच्यासारखाच.

मग एका सकाळी मी मटार सोलत होते आणि तो समोर लॅपटॉप घेऊन पुटपुटत होता. तुला माहीत आहे ना, त्याला मोठ्यानं म्हटल्याशिवाय लिहिता येत नाही. मी म्हटलं, “काय रे लिहितोस?”

“ऑफिसचं आहे, आई.”

“ऑफिसच्या कागदाकडे बघून तू कधी हसला नाहीस.”

“आई, मटार सोल.”

पडदा काळा होता, अक्षरं पांढरी. मी काय इतकी अडाणी आहे?

तुझा गोळा स्वतः चालवून बघत होता तो! चालेना तेव्हा क्षिप्राला बोलावलं, आणि तिच्याकडून कबूल करून घेतलं, दादाला एक अक्षर सांगायचं नाही. माझ्याकडून कबूल करून घ्यायचं राहिलं त्याचं. म्हातारीला काय कळतंय, असं वाटलं असेल. अच्छाच झालं.

तुझे आजोबा होते तेव्हा क्षिप्रानं मला फोनमध्ये आवाज धरून ठेवायला शिकवलं होतं. मग मी त्यांचं काहीही धरून ठेवायची. पेपर वाचतानाचं पुटपुटणं, पंपाला शिव्या घालणं. बाबा ते माझ्या जुन्या-नव्या दोन्ही फोनांतलं आवाज-बिवाज एका जागी गोळा करायला बसला, तर त्यातलं कोथिंबिरीचं भांडण नाही! ते रे, भाजीवाल्याला म्हणतात ना, “भैया, ये कोथिंबीर जून है, इसको फूल आया है,” आणि भैया म्हणतो, “बाबूजी, जून में तो अभी देर है.” तेच नेमकं गायब. बाबानं तुला तक्रार लिहिली ती यावरून.

तू त्याला पुन्हा पुन्हा विचारतोस, फायलींची नावं पाठवा. आणि तो तुला खोटीच नावं देतो, एक, दोन, तीन अशी. त्या नावांनी तुझ्याकडे खोट दिसत नाही. परवा तू लिहिलंस, ‘माझ्याकडे असं होत नाही. खरी नावं रविवारपर्यंत मिळाली नाहीत तर ही तक्रार बंद करावी लागेल.’ तेव्हापासून स्कूटर धुणं चालू आहे. खरी नावं लिहायला घेतो, पुटपुटतो, पुसतो. ती नावं वाचली की तू घर ओळखणार, हे त्याला पक्कं माहीत आहे.

कारण नावं मी दिलेली आहेत. फोन विचारायचा, काय नाव ठेवू? आता मी ह्यांचं नाव घेत नाही, तुला ठाऊक आहे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. म्हणून मी प्रत्येक वेळी लिहायची, ‘ह्यांचं’. तर घे लिहून. जुन्या फोनात पहिली फाईल ‘ह्यांचं’. दुसरीला मी तेच नाव दिलं तर फोननंच पुढे 2 लावला, ‘ह्यांचं 2’. ती कोथिंबिरीची. मग नवा फोन आला, त्यात पुन्हा पहिल्यापासून ‘ह्यांचं’.

क्षिप्रा मला वाटाणे दाखवून समजावत होती. म्हणाली, “आजी, एका नावाचे दोन आले की गोळा दुसऱ्याला 2 नंबर देतो. नव्या फोनातल्या आजोबांना त्यानं 2 नंबरच्या पाटावर बसवलं. पण खरे 2 नंबरचे आजोबा तिथं आधीच बसले होते! बसलेल्याच्या मांडीवर दुसरा बसवला, खालचा चेपला.” मी इतकी हसले की डोळे पुसावे लागले. ह्यांना जिवंतपणी कुणी जागेवरून हलवू शकलं नाही, आणि तुझ्या गोळ्यानं चेपलं!

आता शेवटचं, आणि हे नीट वाच. काही हरवलेलं नाही. गोळा नक्कल करतो, मूळ जिथल्या तिथं राहतं. जुना फोन माझ्या कपाटात आहे. काल मी कोथिंबिरीचं भांडण पुन्हा ऐकलं, अगदी शेवटी भैया “पुदिना ले जाओ” म्हणतो तिथपर्यंत. फोन चार्ज करून मला आणून दिला तो तुझ्या बाबानंच. म्हणजे त्यालाही माहीत आहे. ती एक फाईल हातानं उचलून ठेवली असती, तर त्याचं काम तिथल्या तिथं संपलं असतं. पण मग तुझं उत्तर कशाला आलं असतं?

तुझं उत्तर आलं की तो ते दोनदा वाचतो. एकदा मनात, एकदा पुटपुटून. ‘तुम्ही इतक्या बारकाईनं पाहिलंत’ हे वाक्य तर मला म्हणूनही दाखवलं त्यानं. कुणाचं ते नाही सांगितलं. “एक जण आहे,” म्हणाला, “हुशार आहे. कामाचा पक्का आहे.”

रविवारी तू तक्रार बंद केलीस तर तो दुसरी लिहिणार नाही. लहानपणी मुलांनी खेळायला घेतलं नाही, तर हा परत विचारायला जायचा नाही. गॅलरीत उभा राहून खेळ संपेपर्यंत बघत राहायचा. तू माफी माग असं मी म्हणत नाही. त्यानं मागावी असंही म्हणत नाही, त्याला ते नंबर घालून लिहावं लागेल.

नावं मी दिली. खोट तू दुरुस्त करशीलच, तुझा हातच तसा आहे. पण दुरुस्त झाल्यावर तिथं ‘बंद’ असं लिहून मोकळा होऊ नकोस. एवढंच लिही, ‘बळवंतजी, तपासायला मी स्वतः येतो.’ पानिपतहून गाड्यांना काय तोटा आहे. दोन्ही फोन मी चार्ज करून ठेवते.

तो विचारील, तुला कुणी सांगितलं? तर बेलाशक माझं नाव घे. माझं घ्यायला काही हरकत नाही.

अक्षताला परतायची घाई असेल. वड्यांचा डबा तिच्याकडे रिकामा परत पाठवू नकोस. तुझ्याबरोबरच येऊ दे.

रविवारची वाट पाहणारी,

बळवंतची आई
कौशल्या