गळा कुणाचा

बार्लो, मिनेसोटा
११ मार्च १९४४

लाडक्या व्हर्ना बाळा,

आजोबाचे अनेक आशीर्वाद. इथं सगळे बरे आहोत. थंडी हटत नाही, साखरेची कुपनं संपली, माझे गुडघे दुखतात. तुझ्या भावाचं जहाजावरून पत्र आलं, डेल सुखरूप आहे. तू वेळेवर जेवतेस ना?

तुझा सिनेमा शनिवारी गावात लागला. तुझा म्हणजे, त्या सोनेरी केसांच्या बाईचा. ओठ तिचे, गळा तुझा, आणि हे फुटलं तर स्टुडिओ तुला काढून टाकेल, हे तू फक्त मला कळवलं होतंस. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. मला सगळं आठवत होतं गं. खरंच.

पण थिएटरात मागच्या रांगेतून गस न्हावी म्हणाला, "काय नेल्सबाबा, नात कुठंय? तिकडं तिकिटं फाडते की काय?" सगळे हसले. तेवढ्यात पडद्यावर दारूगोळ्याच्या कारखान्यातली पोरगी झालेली ती बाई गायला लागली. तुझी आई माझा हात घट्ट धरून रडायला लागली. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "हा गळा आमच्या व्हर्नाचा आहे!"

टाळ्या पडल्या. काय सांगू तुला!

मग दिसलं, पुढच्याच रांगेत टॉलेफसन बसलाय. आपल्या साप्ताहिकाचा संपादक. हा आता छापणार, हे कळलं. सोमवारी त्याच्याकडे गेलो.

"मी थाप मारली. छापू नका."

"अहो, पान जुळवून झालंय."

"मग त्या जागी हे छापा. म्हातारा नेल्स लबाड आहे, त्याची नात कुठल्याच सिनेमात गात नाही."

छापलं त्यानं. तुझी नोकरी वाचली असं वाटतं. वाचली ना? लगेच कळव.

गस आता दुकानात माझी नक्कल करतो. करू दे. पण तुझ्या आईनं विचारलं, "मामंजी, खरं काय?" आणि मी तिच्या तोंडावर सांगितलं, "सिग्ने, तो आवाज दुसऱ्याच कुणाचा आहे." तिनं कॉफीचा पेला आदळून ठेवला.

आता ती रोज सिनेमाला जाते. काल परत आली, कोट न काढताच म्हणाली, "शेवटच्या गाण्यात पोरीनं खोकला दाबलाय. तुम्ही पत्र लिहाल तेव्हा विचारा."

मी कसं विचारू? ती तू नाहीसच, असं मीच म्हणतोय.

बाळा, खोकला बरा आहे का?

तुझा लबाड आजोबा,
नेल्स