फ्रिजचं दावं

देवळाली प्रवरा,
गुरुवार, दुपार

चि. बजरंग यास दाजींचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. त्यावर फार विश्वास ठेवू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? सृष्टीचा अभ्यास चालू आहे ना? फोन सोडून दाजी पत्र का लिहितायत, असं तुला वाटेल. तर बाबा, फोन तू स्पीकरवर टाकतोस आणि शेजारी तुझी ताई ज्वारी निवडत बसलेली असते (सुपाचा आवाज मला इथं ऐकू येतो). म्हणून हे पत्र घरी न धाडता शेवगावच्या बाजारात, तुझ्या आडतीच्या गाळ्यावर, एसटीच्या कंडक्टरच्या हाती धाडतोय.

ताई तुला "सहज आले" म्हणाली असेल. ती सहज आलेली नाही. झालं काय, ते मीच सांगतो.

आमच्या लग्नात तुमच्या अण्णांनी दिलेला फ्रिज तुला आठवत असेल. खरं तर आंदण म्हणून गाय द्यायची ठरली होती, पण अण्णांची हौस दांडगी. त्यांनी मांडवात फ्रिज उभा केला आणि त्याची वायर, गायीचं दावं द्यावं तशी, चारचौघांत माझ्या हातात दिली. (आमच्याकडची वीज पाहता गाय बरी पडली असती, पण हे मी अण्णांना शेवटपर्यंत बोललो नाही.) तो फ्रिज बंद पडून कैक वर्षं झाली. पोरानं नवा घेऊन दिला, तरी जुना जागचा हलला नाही. वरच्या कप्प्यात कुरडया, खाली ठेवणीतल्या साड्या, दारात माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. मुंगी म्हणून आत शिरायची नाही. एकदा भंगारवाला अंगणातच हातोड्यानं तो फोडायला निघाला, तर ताईनं त्याला वेशीपर्यंत पोचवला.

मग मागच्या आठवड्यात गल्लीत जुनी यंत्रं गोळा करणारी गाडी आली. गाडीबरोबर आरती नावाची मुलगी होती, तुमच्या पाथर्डीकडची. तिनं आमच्या ओट्यावर बसून नीट समजावलं. आता म्हणे देशाचा कायदाच आहे. फ्रिज, टीव्ही, धुण्याचं मशीन असलं काही निकामी झालं की ते भंगारात फोडायचं नाही. आतला गॅस हवेला लागू द्यायचा नाही. ज्या कंपन्या वस्तू बनवतात, त्यांनीच तिची शेवटची सोय लावायची. सरकारदरबारी नोंद असलेल्या कारखान्यात ती सुटी होते आणि लोखंड, तांबं पुन्हा कामाला येतं. ताईनं एकच विचारलं, याचा परत फ्रिजच होईल का. आरती म्हणाली, सांगता येत नाही, एखादं पातेलंही होईल. यावर ताई उठली आणि कुरडया काढायला लागली. मी मनात म्हटलं, सुटलो.

कुठला सुटतोय. तिनं फ्रिजला हळदकुंकू लावलं, आत नारळ ठेवला, आणि हमालांनी तो उचलायच्या आत कमरेचा अडकित्ता काढून वायर कापून घेतली. आरती गडबडली. वस्तू पुरी द्यावी लागते, वायरीत तांबं असतं, असं सांगू लागली. ताई म्हणाली, "जनावर गेलं तरी दावं देत न्हाईत, बाई. दावं घरात ऱ्हायलं तर लक्ष्मी घरात ऱ्हाती." आरतीच्या घरीही गोठा असावा. तिनं मुकाट्यानं 'वायर नाही' असं लिहून घेतलं. पण हे शेजारणींनी पाहिलं, आणि गाडी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिच्यातल्या एकाही यंत्राला शेपूट उरलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं गोड होतं. वायर गोठ्यातल्या खुंटीला लागली. रात्री जेवताना ताईचा चेहरा उतरलेला, म्हणून तिला हसवावं असं माझ्या मनात आलं (हे माझं जन्माचं दुखणं). मी म्हणालो, कायदा झकास आहे. ज्यांनी बनवलं त्यांनीच परत न्यायचं. अण्णा तर आता नाहीत, त्या हिशेबानं जुनी झाल्यावर तुझीसुद्धा जबाबदारी बजरंगाची.

ती हसली नाही. सकाळी पिशवी भरून एसटी स्टँडवर सोडा म्हणाली. मी सोडलं, खिडकीशी उभा राहून कुठं निघालीस एवढं विचारलं. ती म्हणाली, "कायद्यानं चाल्ले. बजरंगाकडं." मी तिथंही हसलो रे. गाडी हलल्यावर कळलं, ती हसत नव्हती.

बजरंगा, मला करमत नाही. नव्या फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो ओरडतो, आणि माझं दार उघडंच राहतं, कारण ताईनं काय कुठं ठेवलंय हे शोधत मी समोर उभा असतो. गोळ्या सापडल्या नव्हत्या, काल पिठाच्या डब्यामागं मिळाल्या. उभा राहून विचार करतो तेव्हा वाटतं, त्या कायद्यात निकामी माल कोण असेल तर मीच. पण मला बनवणारे केव्हाच वर गेले. मग माझी सोय कुणी लावायची?

वहिनींना नमस्कार, सृष्टीला आशीर्वाद.

तुझा दाजी,
सूर्यभान

ता. क. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक. ताईच्या हाती लागता कामा नये.

ता. क. २. फाडू नकोस. खिशात घालून घरी ने आणि ती ज्वारी निवडायला बसते तिथं विसर. घडी उलगडून विसर, तिला चष्मा लागतो.

ता. क. ३. पुष्पावती, चुकलो. शनिवारी सकाळच्या गाडीनं येतोय. तुझ्या मनात परत यायचं नसेल तर मला तिथंच जमा करून घे. वायर मात्र सोबत आणत नाही. खुंटीला तू लावलीस तशीच आहे, आणि ती घरात राहिली की लक्ष्मीही घरात राहते, असं तूच त्या पोरीला सांगितलं होतंस.