दार उगवतीला

होस्कीदादा,

आई पहाटे तुझ्या शहरातल्या घराच्या खिडकीतून बाहेर उतरते, शेजारी हसतात, म्हणून तू खिडकीला खिळे ठोकलेस असं कळलं. "म्हातारीला वेड लागलंय," म्हणालास म्हणे. वेड नाही रे. आपल्या रीतीनं सूर्याला मक्याचे पराग वाहायचे तर उगवतीकडूनच बाहेर पडायचं, आणि तुझं दार मावळतीला.

इथे मी आणि मावशी रोज सरकारी कुंपणाचे खांब उपटतो. काल पोलीस म्हणाला, "तुझ्या आईनं राजीखुशीनं जमीन सोडली, तुम्हीच का अडून बसलात?" मावशीनं त्याला हाकलून दिलं. मी मात्र खाली बघत पुढचा खांब उपटायला घेतला.

जमिनीच्या बदल्यात शहरातलं हे घर द्यायचा कागद घेऊन सरकारी साहेब आला, तेव्हा दुभाषी मीच होते. अंगठा उठवण्याआधी आईनं एवढंच म्हटलं, "नव्या घराचं दार कुणीकडे आहे, विचार त्याला." मेंढ्या जप्त झाल्या होत्या, पाणी आठ मैलांवरून आणावं लागत होतं, मी वैतागले होते. साहेबाला न विचारताच मी सांगितलं, "उगवतीला."

आई तुला हे बोलली नाही. मला पाठीशी घालतेय.

खिळे तेवढे काढ, दादा. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय, आणि समोर चूल पेटलेलीच आहे.

देस्बा