गाडी रस्त्यावर असताना

॥ श्री ॥
धुळे, १८ ऑक्टोबर १९९९

चि. गिरधरास, अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र आग्रा रोडवरच्या ऑफिसात मोठ्याने वाचले. अणूच्या मालाच्या राखणीचे कागद तू करतोस, हे ऐकून चुडामण ड्रायव्हर म्हणतो, भाऊ, एखादी ट्रिप आपल्याला मिळते का बघा.

तुमच्या कराराचे मात्र नवल वाटले. माल एका देशातून दुसऱ्यात जाताना राखण, आणि घरच्या गोदामात कोणी विचारायचे नाही? अरे, एका ट्रकाचे सात केले मी. रस्त्यावर माल चोरीला गेला तो एकदाच, बाकी सगळा गोदामातून. सांग तुझ्या साहेबाला.

आईला उपचारासाठी जळगावला तुझ्या बहिणीकडे, मंदाकडे ठेवले आहे. डॉक्टर मोघम बोलतो, पण माझे कान तुला ठाऊक. दाराआड मंदाला सांगत होता, दिवाळी निघाली तर नशीब. दिवाळीला ये. आशीर्वाद आहेतच, ते इथे येऊन घ्यावेत.

तुझा,
भाऊ

॥ श्री ॥
व्हिएन्ना, २८ ऑक्टोबर

ती. भाऊ व ती. सौ. आईस, शि. सा. न. वि. वि.

गोदामाचे बोलणे साहेबांना सांगितले. म्हणाले, वडिलांनाच बोलवा. वाद नेमका तोच आहे. काही देश म्हणतात, घरातल्या मालालाही करार लागू करा. काही म्हणतात, आमच्या घरात डोकावणारे तुम्ही कोण? पंधरा नोव्हेंबरपासून आठवडाभर सगळे बसणार आहेत. कागद माझ्याकडे, त्यामुळे दिवाळी जमत नाही. डॉक्टर उगाच घाबरवतात. आईला म्हणावे, सभा संपली की तुझ्या हातची कळण्याची भाकरी खायला येतो. लोभ आहे तो माझ्यावर राग धरून कमी करू नये.

आपला,
गिरधर

जळगाव, २१ नोव्हेंबर

चि. गिरधरास,

आई चौदा तारखेला सकाळी गेली.

सोमवारी तुझा फोन आला तेव्हा झोपली आहे म्हणालो. आपल्या धंद्याची रीत तू लहानपणापासून पाहिलीस. गाडी रस्त्यावर असताना ड्रायव्हरला घरची वाईट बातमी द्यायची नाही. माल उतरला की सांगायची. चुडामणचा बाप गेला तेव्हा त्याची गाडी इंदूरला खाली होईपर्यंत मी गप्प होतो. नंतर तो बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही, पुढे बोलू लागला. तुझा माल तर त्याहून जोखमीचा. शुक्रवारी सभा संपल्यावर सांगायलाच फोन लावला. थंडी किती आहे विचारून ठेवला.

शेवटी तिने विचारले, "गिरधर कथा शे?"

मी म्हणालो, "वाटमा शे."

तू वाटेत आहेस, एवढ्यावर ती निवांत झाली. अग्नी मी दिला. अस्थी ठेवल्या आहेत, तापीत तुझ्या हाताने सोडायच्या. जिवाला जप.

तुझा,
भाऊ

व्हिएन्ना, १ डिसेंबर

ती. भाऊंस, शि. सा. न.

पत्र पोचले. शुक्रवारी तुम्ही थंडीचे विचारलेत आणि मी सभेचेच सांगत बसलो. त्यात ठरले एवढेच की, पुढे पुन्हा बसायचे. घरातल्या मालाचे काही कबूल झाले नाही. माझे कागद दुसऱ्या कोणी वाटले असते तरी हेच झाले असते.

चुडामण खरोखर इंदूरच्या रस्त्यावर होता, भाऊ. माझी गाडी उभीच होती.

शनिवारी निघतो. तापीवर जाऊ. आल्यावर मी बोललो नाही तर चुडामणला आठवा, पुढे बोलेन. आईच्या वाट्याचाही लोभ आता तुम्हीच करावा.

आपला,
गिरधर