पहिलं पांघरूण

३ जानेवारी

महिनाभर वहीला हात लावला नाही. चुकलं, उशीर झाला. आधी चष्म्याची काडी मोडली, मग खोकला, मग नुसता आळस. आज लिहितो, कारण पोटात ठेवलं तर झोप लागायची नाही.

सूनबाईनं रजई आणली. समुद्रापलीकडून आलेली! नातीचं बाळंतपण मार्चअखेर, आणि बाळाच्या अंगावर पहिलं पांघरूण म्हणे ही! "हातानं शिवलेली आहे, बाबा." हातानं! मग इथल्या बाया काय पायानं शिवतात?

मी सांगून टाकलं — माझं पहिलं पतवंड घरच्या कपड्यांच्या गोधडीतच गुंडाळलं जाईल.

"शिवणार कोण?" मुलानं पेपरातून डोकंही काढलं नाही.

"मी."

दोघं हसले. हसा.

५ जानेवारी

ट्रंक उघडली. आमची ही जाऊन चार वर्षं झाली. तिचे सुती गाऊन धुऊन धुऊन लोण्यासारखे झालेत. कात्री हातात घेतली आणि हात पुढे जाईना. मग मोठ्यानंच म्हणालो, "पतवंडासाठी आहे गं, रागावू नको."

सूनबाई दारातून — "कोणाशी बोलताय?"

"तुझ्या सासूशी. तुझंच गाऱ्हाणं चाललंय."

८ जानेवारी

चार ओळी घातल्या. झकास! उगाच नाही जन्मभर बसच्या कारखान्यात सीटा शिवल्या. आख्खं गाव माझ्या टाक्यांवर बसून फिरलंय.

सूनबाई बघून गेली. बोटानं टाका दाबून पाहिला आणि गालात हसली. तेच टोचतं.

११ जानेवारी

नाचक्की!

कोपऱ्यावरच्या गोधडीवालीला दाखवायला नेली. बाई दुकानाच्या पायरीवर बसून शिवते, तोंड सुईपेक्षा धारदार. तिनं माझी गोधडी भिंतीला टेकवली — तर ती उभीच राहिली! पडेना! गिऱ्हाइकं खो खो हसली.

"आजोबा, बाळानं ही पांघरायची, का हिच्यावर बसून बस चालवायची?"

सीटेचा हात! रेक्झिनला ओढतात तसा दोरा ओढत गेलो. सगळं कापड आखडून फळी झालेलं. "दोरा असा खेचलाय, जशी गोधडी पळूनच जाणार होती," म्हणाली. वर हसत हसत ढिला टाका कसा घालायचा तेही दाखवलं.

निदान त्या परदेशी रजईबद्दल तरी माझ्या बाजूनं बोलेल म्हणून विषय काढला. तर म्हणते, "माझ्या सुनेनंही घेतलीय एक. ऊबदार असते हो."

फितूर!

१२ जानेवारी

सगळी उसवली.

१९ जानेवारी

सूनबाई कामावर गेल्यावर तिची रजई कपाटातून काढली. खिडकीशी नेऊन उलटीपालटी केली. मशीनचा टाका सापडला असता तर आजच निकाल लागला असता. नाही सापडला. एके ठिकाणी दोरा संपलाय, नवा जोडलाय. एक ओळ किंचित खाली उतरलीय — तिथं बाई उठून गेली असणार, चुलीवर काहीतरी उतू जात असेल. कोपऱ्यात दोऱ्यानं नाव काढलंय. अक्षरंच निराळी, मला कुठली वाचता येणार! इथली धड दिसत नाहीत.

हाताची आहे. मान्य. हात चांगला आहे, तेही मान्य. पण त्या बाईला कुठं माहीत, कोणासाठी शिवतेय? पाळण्यात जाईल की कोणाच्या कुत्र्याखाली जाईल? मला माहीत आहे. प्रत्येक टाक्याला माहीत आहे. यावर कोणीही येऊन वाद घालावा!

तेवढ्यात सूनबाई परत. डबा विसरली होती.

"काय शोधताय, बाबा?"

"ढेकूण."

२७ जानेवारी

डोळ्यांतून पाणी येतं. सुईत दोरा ओवायला अर्धी सकाळ जाते. मधेच भीती वाटते — गोधडी पुरी व्हायच्या आत मीच पुरा झालो तर? सूनबाई म्हणाली, "द्या, ओवून देते." दिला नाही. शत्रूची मदत नको.

२ फेब्रुवारी

आज जुंपलीच.

"बाबा, तुम्हाला पणजोबा व्हायचंय, तसं मलाही आजी व्हायचंय. दिवसभर नोकरी करते, रात्री हात उचलत नाहीत. विकत आणली म्हणून माझी माया काय विकतची झाली?"

मी आवाज चढवला.

"पहिली माझी!"

"पहिली माझी!"

"अहो, पोराला येऊ तरी द्या!" मुलगा ओरडला. नातीला फोन लावला, निकाल दे म्हणून. ती म्हणाली, "दोघं भांडा निवांत. मी झोपते." हुशार पोरगी. आजीवर गेलीय.

माया विकतची नाही, ते मलाही कळतं. पण मी मागं हटणार नाही.

१० फेब्रुवारी

झाली! एक बाजू वाकडी. एका कोपऱ्याला गाऊन पुरला नाही, तिथं माझा खाकी शर्ट. भिंतीला टेकवली — घसरून खाली पडली. शाब्बास!

सुई आत राहिली नाही ना? तीनदा चाचपली. परत एकदा चाचपतो.

११ फेब्रुवारी

नातीसाठी दवाखान्यात न्यायची पिशवी सूनबाईनं आतापासूनच भरून ठेवलीय. मी माझी गोधडी वर ठेवली. दुपारी पाहिलं तर तिची वर! परत माझी वर केली. सूनबाई स्वयंपाकघरातून माझ्याकडेच बघत होती. बघ! मार्च लांब आहे, मीही खमक्या आहे.

१३ फेब्रुवारी

सकाळी नातजावयाचा फोन. नातीला कळा सुरू, दीड महिना आधीच. मुलगा आणि सूनबाई होते तसे धावले, मुलगा तर घरातल्या चपलांवर. "बाबा, तुम्ही फोनजवळ बसा."

बसलोय. दुपार कलली. पिशवी इथंच राहिलीय, दोन्ही आत. फोन गप्प.

सूनबाईची घाला, माझी घाला, दवाखान्याचं फाटकं काहीही घाला, पण पोराला ऊब द्या. आणि पोरीला सांभाळा. काय झालं ते कळवा रे कोणीतरी. लवकर कळवा.