फळ्यावरचं अक्षर कुणाचं

१० फेब्रुवारी १९७६, मंगळवार. सोलापूर

फळ्याची चौकशी सुरू झाली. पोलिसांतल्या ओळखीच्या जमादारांनी कचेरीत येऊन सांगितलं. चहाही घेतला नाही, म्हणजे नक्की. मंगळवेढ्याच्या आमच्या वाचनालयाच्या दारातला बातम्यांचा फळा. गेल्या शनिवारी त्यावर परदेशी रेडिओची बातमी होती : तुरुंगातल्या राजबंद्यांनी अन्न सोडलंय. आणीबाणीत हे! आमच्या पेपरात असली ओळ सेन्सॉरपुढे ठेवायची कुणाची छाती नाही.

लिहिणारी हेलनच. दुसरं कोण? वेल्सहून वर्षभर बिनपगारी काम करायला आलेली पोरगी. वाचनालयाच्या समितीत मीच आग्रह धरला होता तिच्यासाठी.

११ फेब्रु., बुधवार. मंगळवेढा

रजा टाकून पहिल्या एस्टीनं आलो. हेलनला बाजूला घेतलं. शनिवारी सोलापूरची गाडी वाटेत बंद पडली, पेपरचा गठ्ठा आलाच नाही. वाचनालयाचा रिवाज असा की पेपरात छापून आलं तेवढंच फळ्यावर. तिला ठाऊक आहे. मग?

"सुंदराबाई हुबी होती की." मराठी इथल्या पोरांकडून शिकलीय. "तिचा ल्योक येरवड्याला हाय. लई दिस पत्र न्हाय. रोज इचारती, काय आलंय का. मी रेडिओवर ऐकलं हुतं. न्हाय कसं सांगू?"

कुठला तुरुंग, ते रेडिओनं सांगितलंच नव्हतं. तिला ते महत्त्वाचं वाटलं नाही. सुंदराबाईचा मुलगा शाळामास्तर, सभेतून उचललेला. बातमी वाचून बाई घरी गेली. तेव्हापासून तीही जेवत नाही म्हणे.

संध्याकाळी दुसरा धक्का. आमचा म्हातारा ग्रंथपाल मलकप्पा सकाळीच फौजदारांना सांगून आला, फळा मी लिहिला.

"अण्णा, मला काय करत्याल? चार दिस बसवून घेतील. परदेशी बाईनं लिवलं म्हटलं की तिची रवानगी, आन् वाचनालयाला कुलूप."

"अहो, तिचं अक्षर अख्खं गाव ओळखतं."

"गाव बोलतंय कशाला?"

हेलनला सांगायचं नाही, अशी शपथ घातली मला.

१२ फेब्रु., गुरुवार

फौजदारांकडे जाऊन आलो. हसतमुख माणूस, तेच वाईट. "पत्रकारसाहेब, पट्टीनं रेघ आखून तिला एकेक अक्षर टांगणारा ग्रंथपाल मी पहिल्यांदा बघतोय. दोरीवर कपडे वाळत घातल्यागत!"

हेलन तसंच लिहिते. आधी रेघ, मग खाली अक्षरं. मलकप्पाचं अक्षर गोल, कानडी वळणाचं. फळा पुसला गेलाय, पण यांच्या शिपायानं तो पाहिलाय. परवा शनिवारी सोलापूरला पोलिसांच्या बड्या साहेबांपुढे मलकप्पाच्या हातात खडू देणार. तिथंच माझाही जबाब.

खरं बोललो तर हेलन विमानात आणि वाचनालय बंद. खोटं बोललो आणि उघडं पडलं तर मलकप्पा आत, पाठोपाठ मी. संपादक तर माझं नावही ओळखणार नाहीत.

चौकात पानवाल्याला सहज विचारलं. "फळा? कसला फळा? आमाला वाचाया येतंय व्हय!" रोज सगळ्यांच्या आधी वाचणारा हाच.

१३ फेब्रु., शुक्रवार

सकाळी मलकप्पाच्या घरी. शहाबादी फरशीवर खडूनं सराव चाललेला. पट्टी सुनेच्या शिवणातली. रेघ सरळ येते, पण अक्षर खाली उतरलं की गोल व्हायला लागतं.

सून म्हणाली, "मामंजी, ह्या वयात बिगरी!" हसलो सगळे. पुढच्याच ओळीला त्यानं 'ण' तीनदा पुसला, तीनदा तो गोलच आला. मग कुणी हसेना.

तेवढ्यात हेलन दारात. सुंदराबाईला भाकरी खायला लावून आली होती, ते सांगायला. फरशी दिसली. आपलंच अक्षर.   खाली बसली, पदरानं पुसावं तसं ओढणीनं एक अक्षर पुसलं आणि मलकप्पाचा हात धरून पुन्हा काढून दाखवलं. "असं. रेघेला धरून ऱ्हायचं." बराच वेळ शिकवत होती. मलकप्पा पोरासारखा खूश.

मला वाटलं, मलकप्पानं आळ घेणं पटलं तिला.

दुपारच्या गाडीनं मलकप्पाला घेऊन सोलापूरला आलो. वाटेत एकदाच म्हणाला, "अण्णा, तुमी फकस्त 'आठवत न्हाय' म्हना. खोटं मी बोलतो."

१४ फेब्रु., शनिवार. सकाळी

हेलन जिथं राहते त्या बाईंचा आमच्या शेजारच्या वकिलांकडे फोन आला होता. हेलन पहिल्या एस्टीनं सोलापूरला निघाली. खोली झाडून, किल्ली त्यांच्या हातात देऊन. पासपोर्ट बरोबर घेतलाय. बाईंनी अडवलं तर म्हणाली, "म्हाताऱ्याला त्यो 'ण' काय जमायचा न्हाय."

मलकप्पा आत पूजेला बसलाय. त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो माझ्याआधी पोलिसांच्या दारात जाऊन उभा राहील.

आम्हाला अकराला बोलावलंय. तिची गाडी दहाच्या सुमारास स्टँडवर लागेल. मी तिथं उभा असेन. तिला अडवून माझ्या घरी आणायचं की साहेबांकडे जायला तिच्यासाठी टांगा थांबवून ठेवायचा, ते अजून ठरत नाही.