चार बोटं उंच

मांडवी, रत्नागिरी
रविवार, १४ ऑक्टोबर १९८४

ती. सौ. कमळाक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार, पोरांना गोड पापा. लांजा काही विलायतेत नाही, पण तुझं पत्र यायचं म्हणजे अवस-पुनव उलटते, म्हणून तुझी वाट न बघता मीच लिहायला बसले. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. बाबा रोज संध्याकाळी बंदरावर जातात आणि जुन्या खलाशांशी भांडून येतात, म्हणजे तब्येत उत्तम. ऊन मात्र असं तापलंय की ऑक्टोबर आहे की वैशाख, कळेनासं झालंय. काल आईनं तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं. पहिला घास घेताना बाबा म्हणाले, "कमळीला आवडतं." 

आमच्या ज्युनियर कॉलेजात आनंदीआनंद आहे. जूनपासून मागत होतो ती उपकरणांची पेटी अखेर दसऱ्याला आली. नवे कोरे व्हर्निअर कॅलिपर, जबड्यात धरून केसाएवढं अंतर मोजणारे! तुला त्याचं काय, पण मला पैठणी मिळाल्यासारखं झालं. इतके दिवस अकरावीच्या पोरांना मी फळ्यावर चित्र काढून मोजमाप शिकवत होते, म्हणजे पाटावर भाताचं चित्र काढायचं आणि जेवा म्हणायचं, तशातली गत. आता प्रत्येकाला कॅलिपर आणि एकच गोटी मोजायला दिली, तर जितकी पोरं तितकी उत्तरं. बिचारी घाबरली. "बाई, बरोबर कुणाचं?" मी म्हटलं, "सगळ्यांचंच, थोडं थोडं." मोजमाप म्हणजे नुसता आकडा नव्हे. आकडा सांगायचा आणि त्यात किती इकडं-तिकडं होऊ शकतं तेही कबूल करायचं, तेव्हा ते मोजमाप पुरं होतं. घरी आल्यावर बाबांना हे मोठ्या हौसेनं सांगितलं, तर म्हणतात, "थोडं इकडं-तिकडं असं सांगायला सरकार तुला पगार देतं होय गो?"

त्या कॅलिपरला आणखी एक खोड असते. झिरो एरर म्हणतात. जबडे मिटलेले, मध्ये काहीही नाही, तरी तो शून्य न दाखवता दोन रेघा पुढचं दाखवतो. हे ठाऊक नसेल तर माणूस दहादा मोजो, दहाही उत्तरं एकमेकांशी जुळतात आणि दहाही चुकीची. जुळतात म्हणून तो आणखी खात्रीनं चुकतो. दाजी दुकानात सरबताच्या बाटल्या मापून भरतात ना, त्यांना हे वाचून दाखव.

तर आमच्या प्राचार्यांच्या मनात आलं, वजनमाप खात्याच्या निरीक्षकांना बोलवावं, त्यांची पितळी प्रमाण वजनं आणि मीटरपट्टी पोरांना दाखवावी. बुधवारी ते आले. अंगानं बेताचे, चष्मा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. शाईचा डाग मी तुला कशाला कळवतेय, देव जाणे. शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना ते मला हळूच म्हणाले, "तुम्ही मांडवीच्या मालनबाई ना? मे महिन्यात मला तुमच्या दोऱ्याशेजारी उभं केलं होतं."

माझा अर्धा चहा बशीत.

होय, तेच. तुमच्या लांज्याच्या ठमाबाईंचे चिरंजीव रघुनाथ. येसूबाई आत्यानं आणलेलं स्थळ. तुला नुसता नकार कळला होता, सगळी हकीकत मी कधी सांगितलीच नाही, ती आता ऐक. ठमाबाईंचा फूट-इंचांवर विश्वास नाही. "उंच पोरीचा बाप तिला बुटकी सांगतो नि बुटकीचा उंच," असं त्यांचं म्हणणं. म्हणून मुलीच्या उंचीचा दोरा आणून द्यायचा, मग पुढची बोलणी. आत्याला दुपारची एसटी गाठायची घाई. मला परसात धरलंन, "ताठ उभी ऱ्हा गो, वाकतंस कशाला!" म्हणालीन आणि डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा ताणून गाठ मारलीन. लांज्यात तो दोरा मुलाशेजारी धरला, तर त्याच्या डोक्याच्या वर चार बोटं गेला. मग काय! "एवढी शिडी आमच्या घरात नको," असा निरोप आला. बाबा तेव्हापासून त्या घराचं नाव काढू देत नाहीत. मी मात्र हसले होते. निदान लोकांसमोर हसले होते.

तास सुरू झाला. मी पोरांना म्हटलं, आज गोट्या पुरे, माणसं मोजा. कार्टी वस्ताद! लगेच ओरडली, "बाईंना नि साहेबांना!" नाही कसं म्हणणार? दोघं भिंतीला पाठ लावून, टाचा टेकवून शेजारी शेजारी उभे राहिलो. आक्का, तुला माहीत आहे, कुणी बघायला आलं की मी खांदे पाडून, मान घालून उभी राहायची. आईनंच तसं शिकवलेलं. पण वाकलेल्या माणसाची उंची मोजता येत नाही, हे पाच मिनिटांपूर्वी मीच वर्गाला बजावलं होतं. तेव्हा राहिले ताठ. लग्नाच्या वयाच्या पुरुषाशेजारी अशी पुरती ताठ मी पहिल्यांदाच उभी राहिले असेन. आणि बरं वाटलं गो. फार बरं वाटलं.

पोरं एकामागून एक आली, डोक्यावर वही आडवी धरून भिंतीवर खूण करत गेली. माझी उंची कुणी एकशे पासष्ट सेंटिमीटर म्हणे, कुणी त्याहून जराशी जास्त. सगळी मापं जवळजवळ होती. मग आली हौसा. पोरगी हुशार, पण धांदरट. तिचं माप सगळ्यांच्या वर सात सेंटिमीटर! वर्ग खो खो हसत सुटला. "अगं, बाईंच्या बुचड्यावर वही ठेवलीस!" उकाड्यात मी मानेवर केस ठेवत नाही, माथ्यावर घट्ट बुचडा बांधते, तुला ठाऊकच आहे. हौसा गोरीमोरी झाली. "रडू नको, यालाच झिरो एरर म्हणतात," असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि माझाच हात बुचड्याकडं गेला.

आत्यानं मला परसात धरलं तेव्हा मी नुकतीच न्हाऊन आले होते. केस माथ्यावर बांधलेले आणि त्यावर पंचा गुंडाळलेला.

मी साहेबांकडं पाहिलं. ते आपल्या हाताची चार बोटं जुळवून त्यांच्याकडं टक लावून बघत होते.

मग हौसाचं माप बाजूला ठेवून पोरांनी सरासरी काढली. माझी एकशे पासष्ट पूर्णांक चार, त्यांची एकशे पासष्ट पूर्णांक सात, आणि दोन्हींत अर्धा सेंटिमीटर इकडं-तिकडं. त्यांनी विचारलं, "मग दोघांत उंच कोण?" पोरं ओरडली, "साहेब, तीन मिलिमीटरनं!" "आणि तुमची मोजणी कितीनं चुकू शकते?" "पाच मिलिमीटरनं." "मग आता बोला." शेवटी हौसानंच हात वर केला, "मग कोण उंच ते सांगता येत नाही, सर." त्यांनी तिला शाबासकी दिली. माझ्याकडं न बघता दिली, पण कान लाल झाले होते त्यांचे.

त्यांना पोचवायला मी फाटकापर्यंत गेले. ते म्हणाले, "आईला सांगू का, मोजताना चूक झाली म्हणून?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि चूक झाली नसती तर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मालनबाई, मला कुणी विचारलंच नव्हतं. माझं काम फक्त उभं राहायचं होतं. विचारलं असतं तर म्हटलं असतं, चार बोटं मान वर करून बोलीन, त्यात काय." मी त्यांना म्हटलं, इतक्यात घरी काही बोलू नका, आधी मी आक्काला लिहिते.

तेव्हा आता तुझं काम. ठमाबाई तुमच्या वरच्याच आळीत राहतात. आत्याला पाठवलं तर तिची मान खाली जाईल, आणि बाबा तर नकार आलेल्या दारात पुन्हा पाऊल टाकायचे नाहीत. जायला तूच हवीस. बुधवारी घरी येताना मी ठरवलं होतं, तुला सांगावं, बुचड्याची गोष्ट त्यांच्या कानावर घाल, म्हणजे सगळं आपोआप जुळेल. पण चार दिवस विचार केला आणि मन फिरलं. ती गोष्ट सांगू नकोस. बुचडा वजा करून मी पसंत पडले तर त्या घरात जन्मभर खांदे पाडून वावरेन, माझं मलाच माहीत आहे. त्यांना सरळ म्हण, मालन उंच आहे, तुमच्या मुलाला ते चालतंय आणि त्याला एकदा विचारून बघा. त्यावर हो म्हणाल्या, तर बुचड्याची गोष्ट मीच सांगीन त्यांना, पहिल्या दिवाळीला, फराळ करता करता. हसतील त्याही.

आणि नाही म्हणाल्या, तर माझ्यापासून लपवू नकोस. मी इथं सुखात आहे, हे मी तुला नेहमी लिहिते आणि ते खोटं नाही. नोकरी आहे, पोरं जीव लावतात, समुद्राचा वारा आहे. बुधवारपर्यंत मला काही कमी आहे असं वाटलंच नव्हतं. आता वाटतं. नकार आला तर या वेळी मला हसता यायचं नाही.

मला ते हवेत, आक्का. एवढं एक वाक्य लिहायला मला चार पानं लागली. आता पाकीट चिकटवते, नाहीतर तेच खोडून बसेन.

तुझीच,
मालन